झापारच्या टेपातलं हसू

"दूरचं जवळ आणायचं, जवळचं जरा मागे सारायचं, मग घर ऐकू येतं." उरूमकान हे इतक्यांदा म्हणायची की गावातली पोरं तिची नक्कल करत. एक पोर लांब जाऊन हाका मारी, दुसरं हवेतच बटण फिरवी. ती गावच्या क्लबच्या, म्हणजे सभाघराच्या, पायरीवरून बघे, एक भुवई उचले आणि आत जाई. तिला राग येत नसे असं नाही. पण रागवायला आवाज चढवावा लागतो, आणि चढलेला आवाज तिला सोसत नसे.

अत-बाशीच्या डोंगराखालच्या आमच्या गावात त्या काळी घराघरांत भिंतीवर एक भोंगा असे. क्लबातल्या खोलीतून तार निघायची आणि गल्लीगल्लीतून फिरून सगळ्या भोंग्यांना भेटायची. सकाळी बातम्या, दुपारी हवामान, दिवस कलला की गाणी. त्या तारेची राखण उरूमकानकडे होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात तो नारीनला माल घेऊन गेला आणि तिकडेच दुसरं घर थाटून बसला. तिच्याजवळ राहिलं एक तान्हं पोर, मायराम, एक गाय, आणि क्लबातली, फितीच्या चकत्या फिरवणारी दोन टेप यंत्रं. यंत्रं सरकारी होती, पण "उरूमकानची यंत्रं" याखेरीज त्यांना कुणी दुसरं नाव घेतलं नाही.

गावात माणूस गेलं की पहिला निरोप कबर खणणाऱ्यांना जाई आणि दुसरा तिला. अंगणात नमद्याचं, लोकर कुटून केलेल्या जाड कापडाचं, तंबूसारखं घर उभं राही. आत बायका दाराकडे पाठ करून, भिंतीला तोंड देऊन बसत आणि गेलेल्याचा शोक गात. बाहेर पुरुष काठ्यांवर ओणवून उभे असत. लांबचे सोयरे गल्लीच्या तोंडाशी घोड्याला टाच मारत आणि "भाऊ माझा, भाऊ माझा" असं रडत दौडत येत. उरूमकान दाराजवळच्या कोपऱ्यात यंत्र मांडीला लावून बसे. तिच्याकडे कुणी बघत नसे. चूल जशी तिथे असते तशी ती असे.

मग वर्ष भरल्याचं जेवण येई. त्या दिवशी विधवा काळे कपडे उतरवते, आणि त्यानंतर तिनं शोक गायचा नसतो. पण बर्फात खिंड बंद म्हणून दफनाला न पोचलेले पाहुणे त्या दिवशी येतात. कोण कसं रडलं, गेलेल्याचं काय काय सांगितलं, हे त्यांना ऐकायचं असतं. त्यांच्यासाठी उरूमकानची चकती एकदा भोंग्यावर वाजे. एकदाच. मग मूळची चकती आणि तिनं नीट केलेली चकती, दोन्ही त्या घरच्या पेटीत जात. पेटीतून ती पुन्हा काढायची नाही. घरात कुणी गेलेलं नसताना शोक वाजवला तर तो नवा धनी शोधत येतो, असं आमच्याकडे मानतात. दुसऱ्याचा शोक आपल्या घरात ठेवणं तर दूरच. सगळ्या गावाचं रडणं जिच्या हातून गेलं तिच्या घरी त्याचा वीतभर तुकडा नव्हता.

नीट करणं म्हणजे काय, ते मी खोलीच्या खिडकीत बसून बघितलेलं आहे. माईक माणसांना सारखं वागवत नाही. त्याच्याजवळ बसलेली सून गळा काढते आणि भोंगा फाटतो. मागे बसलेली म्हातारी आई पुटपुटते आणि तिचं काहीच उरत नाही. बाहेरचे पुरुष तर नदीपलीकडे रडताहेत असं वाटतं. उरूमकान आधी डोळे मिटून सगळी चकती ऐके. जिथे आवाज डोक्यावर जाई तिथे फितीच्या वेढ्यांत लाल लोकरीचा धागा घाली, जिथे बुडे तिथे पांढरा. मग दोन यंत्रं शेजारी ठेवून एकावरून दुसऱ्यावर उतरवी, आणि हात बटणावर. धागा गळून पडला की हात हले. दूध तापवताना बाई जाळ जसा कमीजास्त करते तसा तो हात चाले. नजर यंत्रावरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यावरही नसे. ती चकती वाजली की म्हातारी आई, मोठ्यानं रडणारी सून आणि बाहेरचे पुरुष एकाच घरात बसल्यासारखे वाटत.

लोकांना मात्र सारखं झालेलं आवडत नाही. एका घरची थोरली सून जेवणानंतर तिच्यावर चालून आली. माझी बहीण पातेल्याखाली झाकल्यासारखी का ऐकू येते, असं विचारू लागली. उरूमकान म्हणाली, "तुमची बहीण त्या वेळी चहा पीत होती, बाई. चहा पिण्याचा आवाज मी वाढवू शकते. वाढवू?" आसपासच्या बाया डोईच्या फडक्यात तोंड घालून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या सुनेनं, ही गोष्ट पसरू नये म्हणून, मटणाची एक नळी पाठवली. तिनं ती आली तशीच परत पाठवली.

झापार गेला तेव्हा मायराम पाच वर्षांचा असेल. झापार घोड्यांचा राखणदार होता, खिंडीत घसरलेल्या घोड्याखाली सापडला. त्याची बायको कालीपा तेव्हा तरुण, अंगावर पिणारं पोर, आणि आवाज सुतासारखा बारीक. ती गाऊ लागली की बाकीच्या बाया आपोआप थांबत. त्या दिवशी मायरामला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून उरूमकाननं त्याला नमद्याच्या घरामागे बसवलं होतं. कालीपानं श्वास घ्यायला गाणं थांबवलं, सगळं घर गप्प झालं, आणि नेमकं त्याच वेळी मागे पोरगं हसलं. एका बकरीच्या पिल्लानं नमद्याखाली डोकं घातलं होतं आणि ते तिथे पडलेल्या एका म्हाताऱ्याच्या टोपीचा गोंडा चघळत होतं. बसलेल्या बायकांच्या माना ताठ झाल्या. उरूमकाननं वाकून नमद्याची कड उचलली, काहीतरी बोलली, आणि पोर पळून गेलं.

कालीपाचा आवाज बारीक, म्हणून तिचा शोक सबंध वर आणावा लागणार होता. तो वर आणला की हसूही वर येणार. उरूमकाननं त्या जागी बटण असं खाली नेलं आणि असं परत आणलं की वर्षाच्या जेवणाला आलेल्या कुणालाही सांधा कळला नाही. श्वास, जरा शांतता, पुन्हा गाणं. नारीनहून आलेला एक पाहुणा म्हणाला, इतका स्वच्छ शोक मी कधी ऐकला नाही. ती लाजली. तिचं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचारलं तर गाव झापारच्या चकतीचंच नाव घेई.

मायराम मोठा झाला तो आवाज न करता. अंगानं किरकोळ, बोलला तर तोंडातल्या तोंडात. शाळेच्या गाण्यांत तो मागच्या रांगेत उभा राही आणि नुसते ओठ हलवी. खोलीत बसून आईला लोकरीचे धागे कापून देई. सैन्याचं बोलावणं आलं तेव्हा ट्रकवर चढताना सगळी पोरं ओरडत होती, हा नुसता हात हलवत होता. तो परत आला जस्ताच्या शवपेटीत. पेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलं, उघडायची नाही. आत आपलंच पोर आहे हे आईनं एका कागदावरून मानायचं होतं.

नमद्याचं घर उभं राहिलं. उरूमकान भिंतीकडे तोंड करून बसली. बायांनी सुरुवात करून दिली, आता आईनं उचलायचं. तिनं तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. दिवसभर ती तशीच बसून राहिली. मी बाहेर काठीवर वाकून उभा होतो, तिच्या आवाजाची वाट बघत. विहिरीवर नंतर बाया बोलल्याच, की आख्ख्या गावाचं रडं भरून ठेवलं हिनं, स्वतःचं एक निघेना. त्या दिवसाची चकती नाही. यंत्राच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कंबरेला.

पुढे सात-आठ वर्षांनी ती क्लबातल्या चकत्या एकेक करून ऐकू लागली. कापणीची भाषणं, लग्नाची गाणी, शाळेचे समारंभ. माझी बायको तिच्याकडे ताक द्यायला जायची. तिला उरूमकान म्हणाली, "फोटो आहेत गं भिंतीवर. पण फोटो मला हाक मारत नाही. त्यानं 'आई' म्हटलेलं आठवतं मला, पण कुठल्या उंचीवर म्हणायचा ते सुटत चाललंय." सगळ्या चकत्या संपल्या. सगळ्या गावाचे आवाज तिथे होते, तिच्या पोराचा नव्हता. मागच्या रांगेत हलणारे ओठ कुठली फीत धरणार?

तेव्हा तिला झापारची मूळची चकती आठवली. नीट केलेल्या चकतीतून हसू गेलं होतं, पण मूळच्या चकतीत ते असणार. कालीपाच्या पेटीत, तळाशी.

ती त्यांच्या घरी गेली तेव्हा मीही तिथे होतो, मेंढ्यांच्या वाटणीचं बोलायला आलेलो. कालीपा आता सासू झाली होती. शोकाच्या दिवशी जो अंगावर पीत होता तो ओमुर बापासारखा दांडगा झाला होता, आणि त्याची बायको तुरसुनाय पोटुशी होती. तिची आधीची दोन पोरं जगली नव्हती. उरूमकाननं चहाची वाटी खाली ठेवली आणि काय हवंय ते सरळ सांगितलं. एकदाच ऐकायचंय, तेही तेवढीच जागा.

ओमुरचा चेहरा उतरला. थोरल्या बहिणीचा मान देत तो म्हणाला, "एजे, गाय मागा, दावं तुमच्या हातात देतो. पण ती पेटी नका उघडायला लावू. माझ्या घरात आत्ता ते वाजायला नको."

तुरसुनाय खाली बघत होती. कालीपा नान मोडत होती, मोडतच राहिली.

"बरोबर आहे तुझं," उरूमकान म्हणाली. चहा संपवला, वाटी उपडी घातली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. पुन्हा तिनं तो विषय कुणाकडे काढला नाही. ते घर वाटेत होतं, तर तेव्हापासून ती लांबच्या गल्लीनं क्लबात जाऊ लागली. माझी बायको म्हणाली की पुन्हा मागितली असती तर बरं, न मागता हिंडतीये ते बघवत नाही.

उन्हाळा आला. आम्ही नेहमीसारखे कळप घेऊन वरच्या कुरणात गेलो. कालीपाचं नमद्याचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. एके दिवशी घोडीचं दूध काढता काढता ती मला म्हणाली, "खाली जाशील तेव्हा उरूमकानला घेऊन ये. ते बॅटरीवरचं यंत्र घेऊन ये म्हणावं." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओमुरला माहीत आहे का, असं विचारलं.

"माहीत आहे. त्याच्याशी भांडून झालंय माझं." तिनं घोडीच्या पाठीला हात पुसला. "त्या दिवशी मी आत बसले होते ना, मला वाटत होतं सगळंच संपलं. मग ते पोर हसलं. म्हटलं, बाहेर अजून काहीतरी चालू आहे वाटतं. वर्षानं चकती वाजली तर ते हसू नाहीच. मला वाईट वाटलं होतं. पण विधवेला कोण विचारतं, काय ठेवायचं आणि काय काढायचं?"

मी उरूमकानला घेऊन आलो. कालीपानं कळपाबरोबर वर आणलेल्या पेटीतून चकती काढून बाहीत घातली आणि आम्हाला ओढ्यापलीकडे, उतारावर बरंच वर नेलं. भर दुपार होती. तिथे चूल नाही, दार नाही, नुसतं गवत आणि चरणारे घोडे. "इथे उंबरा नाही," कालीपा म्हणाली, "शोक शिरेल कुठे?" तुरसुनायला तिनं आतच राहायला सांगितलं होतं, कानांना फडकं बांधून.

लोकरीचे धागे केव्हाच गळून गेले होते, म्हणून सुरुवातीपासून ऐकावं लागलं. कालीपाचा तरुण आवाज गवतावरून जाऊ लागला. झापारची चाल, झापारचा घोडा, झापार नसलेली वाट. आताची कालीपा गवताची पाती उपटत बसली होती आणि घोड्यांकडे बघत होती. दुसऱ्याच कुणाचं गाणं ऐकावं तशी ऐकत होती. उरूमकान यंत्रावर वाकलेली, हात बटणावर.

गाणं थांबलं. श्वास आला. उरूमकाननं बटण फिरवलं, फिरवत पार टोकाला नेलं. नमद्याची खसखस वर आली, कुणाचं खोकणं आलं, घोड्यानं लगाम चावल्याचा आवाज आला. आणि मागून, फार लांबून, ते हसू आलं. घडा भरत आला की पाणी कसं तळातून चढत चढत बोलतं, तसं. तिच्या तोंडावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. ती त्या हसण्याबरोबर जरा पुढे झुकली.

बटण टोकालाच होतं. तेवढ्यात तिचाच आवाज आला, माईकच्या शेजारून, सगळ्या उतारभर.

"जा इथून. तुझा आवाज नकोय मला यात."

घोड्यांनी माना वर केल्या. हसू मध्येच तुटलं. लहान पावलं पळत गेली, आणि कालीपाचं गाणं पुन्हा सुरू झालं.

उरूमकाननं यंत्र बंद केलं. मग ती म्हणाली की मी नुसतं 'गप्प' म्हटलं असं इतकी वर्षं वाटत होतं. नीट करताना तिनं हे ऐकलं असणारच. पण त्या वेळी तो तिला काट्याचा एक झटका वाटला असेल, खाली ढकलायचा.

कालीपा म्हणाली, "सगळ्या आया म्हणतात, बाई. मी तर रोज म्हणायचे."

उरूमकाननं चकती थोडी मागे घेतली आणि पुन्हा लावली. या वेळी बटण मधोमध, आणि हात मांडीवर. हसू जेमतेम होतं, गवत हललं असतं तर गेलं असतं. तिचं बोलणं स्वच्छ होतं. तेवढं ऐकून तिनं बंद केलं.

"तुला येतं ना करायला," कालीपा म्हणाली. "त्याचं वर आण आणि तुझं पुसून टाक. घरी ने. माझी हरकत नाही, कुणाला सांगणारही नाही. घरात नको वाटलं तर गोठ्यात ठेव, गाय काही बोलायची नाही."

उरूमकान थोडं हसली. मग मान हलवली. "माझा आवाज खाली केला तर तो का थांबला ते कसं कळणार? वाटेल, पोर आपणहूनच गप्प झालं."

"कळून कुणाला काय करायचंय?"

"मला कळायला हवं, कालीपा."

तिनं चकती काढली, फितीचं टोक नीट खोचलं, आणि कालीपाच्या हातात दिली. म्हणाली, ही झापारची आहे, आणि तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत, लवकर पेटीत टाका. मी घोडा पुढे केला. ती नको म्हणाली. यंत्राचा पट्टा तिनं खांद्याला लावला, कालीपाच्या गालाला गाल लावला, आणि ओढ्याच्या कडेनं उतरू लागली.

उतार तीव्र होता आणि यंत्र जड, पण ती एकदाही टेकली नाही. घोड्याचा लगाम धरून मी बघत होतो. कालीपा चकती पोटाशी धरून बघत होती. आणि ओढ्यापलीकडे, नमद्याच्या घराबाहेर, तुरसुनाय उभी होती, एक हात पोटावर, फडकं गळ्यात उतरलेलं. तिच्यापर्यंत किती पोचलं होतं कुणास ठाऊक. उरूमकान वळणाआड होईपर्यंत ती तिथून हलली नाही.